खर्चाचा आकडा एकदाच ठरत नाही

तुम्ही विचारलंय की निवृत्तीला आठ महिने झाले, पेन्शन चालू आहे, साठवलेली रक्कमही बरी आहे, तरी त्यातून पैसे काढायला हात धजत नाही. तर किती खर्च करावा आणि किती राखून ठेवावं? मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. पहिली चार वर्षं माझीही हीच अवस्था होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या गादीला मधोमध खळगा पडला होता. सकाळी उठलं की हिची कंबर धरलेली असायची. दर दोन महिन्यांनी आम्ही गादी उलटायचो, खळग्याखाली चादर दुमडून सारायचो, आणि मी म्हणायचो, "अजून वर्षभर चालेल." चौथ्या वर्षी हिशेबाची वही घेऊन नीट बसलो, तेव्हा कळलं की महागाई वजा करूनही आमची शिल्लक पहिल्या दिवसापेक्षा वाढली होती. ज्या पैशांसाठी ती कंबरदुखी सोसत होती, त्यांची आम्हाला गरजच पडली नव्हती. त्याच आठवड्यात नवी गादी आणली. पहिल्या रात्री ही सलग झोपली. मी मात्र बराच वेळ जागा होतो.

म्हणून माझं सांगणं असं की कमी खर्च करणं म्हणजे आपोआप शहाणपण असं धरू नका. तोही हिशेबानेच ठरू द्या.

वर्षभराचा खर्च दोन भागांत मांडा: टाळता येणारा आणि न टळणारा. घर, जेवणखाण, वीज, औषधं, विम्याचे हप्ते हे न टळणारे. वर्षातून एकदा किंवा चार वर्षांतून एकदा येणारे खर्चही, म्हणजे घराची डागडुजी, कर, बंद पडलेलं यंत्र बदलणं, महिन्यावर वाटून त्यातच धरा. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. त्यासमोर खात्रीचं उत्पन्न लिहा. न टळणारा खर्च पेन्शनमध्ये बसत असेल तर निम्मी काळजी तिथेच मिटली. बसत नसेल तर राहिलेली तूट साठ्यातून भरायची.

साठ्यातून किती काढावं, याबद्दल ४ टक्क्यांचा नियम तुमच्या कानावर आला असेल. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तिथल्या बाजाराचे १९२६ पासूनचे आकडे तपासले. पहिल्या वर्षी साठ्याच्या साधारण ४ टक्के काढायचे आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ करायची, तर अगदी वाईट काळात निवृत्त झालेल्याचेही पैसे ३० वर्षं पुरले असते, असं त्यांना दिसलं. पण तो हिशेब अमेरिकेचा आहे, आणि त्यात किमान निम्मे पैसे शेअर्समध्ये धरले आहेत. तुमचे पैसे कुठे आहेत आणि किती वर्षं पुरवायचे आहेत, यावर तुमचा आकडा बदलेल. मी स्वतः ३.५ पासून सुरुवात केली होती.

सुरुवातीची वर्षं नाजूक असतात, ती का हे उदाहरणाने बघा. साठा १००, दरवर्षी आरंभी ५ काढले. बाजार ओळीने २० टक्के पडला, १० पडला, १० चढला, २० चढला, तर चार वर्षांनी सुमारे ७२ उरतात. हेच चार आकडे उलट्या क्रमाने आले, आधी चढ आणि मग उतार, तर सुमारे ७९ उरतात. काही काढलंच नसतं तर दोन्हीकडे सारखेच, सुमारे ९५ उरले असते. पडत्या बाजारात विकावं लागतं, तिथे हा फटका बसतो. यासाठी दोन-तीन वर्षांची तूट भरेल एवढी रक्कम मी ठेवीत ठेवतो, ती बाजारात नसते.

मात्र सगळंच ठेवीत टाकू नका. महागाई ६ टक्के राहिली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठाव्या वर्षी जो खर्च १०० होता, तो चौऱ्याऐंशीव्या वर्षी ४००.

आता आमची रीत. दरवर्षी ठरलेल्या दिवशी मी एकच भागाकार करतो: या वर्षी काढायची रक्कम भागिले आजची शिल्लक. उत्तर ५ टक्क्यांवर गेलं तर टाळता येणारे खर्च कमी करायचे. ३ च्या खाली आलं तर खर्च वाढवायचा, आणि तो कशावर हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं. दुसरा नियम पाळणं मला पहिल्यापेक्षा जड गेलं. गेल्या वर्षी त्यातूनच हिच्या कानाचं यंत्र घेतलं, आता फोनवर नातीचं बोलणं तिला नीट ऐकू येतं.

आणखी एक, हा हिशेब एकट्याने करू नका. दोघांपैकी एकजण मागे राहिला तर पेन्शन किती उरेल हे आजच विचारून घ्या, कारण माणूस एक झाला म्हणून घरखर्च निम्मा होत नाही. आमच्या वहीत दर वर्षाच्या पानाच्या वर तो आकडा असतो. तो मी नव्हे, ही लिहिते, म्हणजे कुठलं खातं कुठे आहे हे तिलाही पाठ असतं.

तुमचा न टळणारा खर्च पेन्शनच्या किती टक्के आहे, तेवढं काढून इथे लिहा. पुढचं त्यावरून बघू.