घरी अहिराणी बोलतो म्हणून मुलीला कमी श्रेणी मिळते का? अहिराणी बंद करावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सटाण्याहून नाशिकच्या सिडकोत येऊन चार वर्षं झाली, मुलगी तिसरीत आहे, सहामाहीला भाषेत क-२ आणि गणितात क-१ मिळाली, आणि बाईंनी सांगितलं, "घरात अहिराणी बंद करा." बंद करू नका. मी नाशिकमध्येच वीस वर्षं प्राथमिकला शिकवतेय. माझ्या वर्गात दरवर्षी कसमादेची, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागातली, अहिराणी बोलणारी बरीच मुलं असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शाळेत जाऊन तिचा पेपर बघायला मागा. नुसत्या श्रेणीवरून काही कळत नाही, चुका बघितल्या की कळतं. माझ्याकडे एका मुलीने 'माझी शाळा' निबंधात शाया, फया, डोया, काया असं लिहिलं होतं. आठ ठिकाणी लाल खुणा. पूर्वी मीही अशा प्रत्येक खुणेला अर्धा गुण कापत असे. एका संध्याकाळी तिचे सगळे शब्द एकाखाली एक लिहून काढले, तेव्हा लक्षात आलं की आठही खुणांमागे चूक एकच आहे. आपल्या 'ळ'च्या जागी अहिराणीत 'य' येतो. पोरीने कानाला ऐकू येतं ते अगदी चोख लिहिलं होतं. गाय, पाय, वय हे शब्द तर तिचे बरोबरच होते. मग तिला जोड्या करून दिल्या: घरी डोया, पुस्तकात डोळा; घरी केये, पुस्तकात केळी. तिला ते कोड्यासारखं आवडलं. दोन आठवड्यांत वहीतला 'य' गेला. बोलण्यातला राहिला, आणि तो राहिला तरी काही बिघडत नाही.

तुमच्या मुलीची गणितातली क-१ मला जास्त खटकते. शाब्दिक उदाहरणं सुटली नसतील, असा माझा अंदाज आहे. "५ मुलांना प्रत्येकी ३ लाडू दिले, तर एकूण किती लाडू लागतील?" हे उदाहरण माझ्या एका विद्यार्थ्याने कोरं सोडलं होतं. मी जवळ बसवून विचारलं, "पाच जनसले तीन-तीन लाडू, मंग कितला लागतीन?" बोटंही न मोजता म्हणाला, पंधरा. त्याला गुणाकार येत होता, अडला होता तो 'प्रत्येकी'वर. पेपर गणिताचा, पण त्या ओळीत तपासली गेली भाषा. त्याच्या प्रगतिपुस्तकात मात्र ते गणिताच्या नावावर गेलं.

मुलगी गल्लीत छान मराठी बोलते, मग पेपरात का अडते, असंही तुम्ही विचारलंय. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि शिकण्याची भाषा यातला फरक मांडला. दुसऱ्या भाषेत बोलायला मूल साधारण दोन वर्षांत शिकतं, पण पुस्तकी भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांना परदेशातून आलेल्या मुलांमध्ये दिसलं. अहिराणी आणि मराठी जवळच्या, त्यामुळे आपल्या मुलांना इतका वेळ लागत नाही, हा माझा अनुभव. पण वेळ लागतोच, आणि नुसतं वय वाढून ते आपोआप होत नाही.

घरी एक करून बघा. २००५ पासून 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत कार्यकर्ते घरोघरी जाऊन एकेका मुलाला अक्षरं, शब्द, उतारा, गोष्ट असं वाचायला लावतात, त्याच धर्तीवर. दुसरीच्या पुस्तकातला, तिने न वाचलेला उतारा द्या. वाचून झाला की म्हणा, आता अहिराणीत सांग. घडाघडा वाचला पण अहिराणीतही सांगता आला नाही, तर शब्द अडताहेत. रोज तिला गोष्ट वाचून दाखवा आणि अडलेल्या शब्दांवर अहिराणीतच गप्पा मारा. वाचताना अडखळली, पण तुम्ही वाचून दाखवल्यावर सगळं नीट सांगितलं, तर समज पक्की आहे, वाचनाचा सराव हवा. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचू दे. मुलांची पुस्तकं हवी असतील तर सार्वजनिक वाचनालय आहेच.

घरात अहिराणी बंद केली तर काय होतं तेही मी पाहिलंय. आई तोलूनमापून चार वाक्यं बोलते, आजी तर गप्पच होते. घरातलं बोलणंच आटतं, आणि ज्या गप्पागोष्टींतून पोरीची समज वाढायची त्याच कमी होतात.

बाईंना भेटाल तेव्हा भांडू नका, एका वर्गात इतकी मुलं सांभाळणं सोपं नसतं. दोन गोष्टी मागा. २०१० च्या सातत्यपूर्ण मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकचा (वर्गात वर्षभर चालणाऱ्या तपासणीचा) भार ६० टक्के आणि संकलितचा (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचा) ४० टक्के ठेवला आहे, आणि आकारिकमध्ये तोंडीकाम येतं. तिला शाब्दिक उदाहरणं तोंडी विचारा, हवं तर अहिराणीत उत्तर देऊ द्या, असं सांगा. दुसरं, तिच्या चुकांची यादी करून न्या आणि एकाच प्रकारच्या चुकीला एकदाच गुण कापता येतील का, ते विचारा.

आणि मुलगी शेजारी उभी असताना "अहिराणीमुळे मागे पडली" असं कुणी म्हणालं, तर त्यांना तिथेच थांबवा. तिला ते ऐकू येतं.