नवरात्र संपलं, आता काय सांगू?

"सर, नवरात्रातले नऊ दिवस सोपे गेले," एवढं बोलून तो थांबला. मग बराच वेळ पंख्याचाच आवाज.

बडोद्यात या वाक्याचा अर्थ लावायला फार डोकं लागत नाही. गरब्याहून रात्री दीड-दोनला घरी यायचं, पाय गळून गेलेत म्हणायचं, भिंतीकडे तोंड करून झोपायचं. नऊ दिवस कोणी काही विचारत नाही. पंचाईत दसऱ्यानंतरची. लग्नाला आठ महिने झालेले, वय 29, दांडिया बाजारातलं चार पिढ्यांचं मराठी घर, नोकरी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात. (ओळख लागू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत.)

शेवटी बोलला तेही फरशीकडे बघत. "पुढची कातडी मागं जात नाही. जोर केला की चिरते, रक्त येतं. मित्र म्हणाला, पहिल्या रात्री धागा तुटतोच, तुटू दे. मी माझ्यात काहीतरी कमी आहे असं धरून चाललोय."

हा 'धागा' म्हणजे कातडीला खालच्या बाजूनं शिश्नमुंडाशी जोडणारी बारीक पट्टी. ती पहिल्या रात्री तुटावी असा कुठलाही नियम शरीरानं केलेला नाही. काहींची ती आखूड असते, ताणली की फाटते, भरून येताना आणखी आखूड होते. तेव्हा असले सल्ले देणाऱ्या मित्रांना मी मनातल्या मनात बरंच काही म्हणतो.

मी समुपदेशक, डॉक्टर नाही, तपासणी माझं काम नाही. पण विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. ताठरता नसताना कातडी मागं जाते का? लघवी करताना पुढं फुगा येतो का? कडेला पांढरट, कडक वळं दिसतं का? अंघोळीच्या वेळी जाते, ताठरतेत अडते, असं तो म्हणाला. मग कागदाच्या पाठीवर मी बटवा काढून दाखवला. बटव्याचं कापड ठीक, आतली सुपारी ठीक, फक्त तोंडाची दोरी जरा घट्ट. वीर्य, ताकद, मूल होणं यांचा त्या दोरीशी सहसा संबंध नाही. तो पहिल्यांदा हसला.

लहानपणी बहुतेक मुलांची कातडी घट्टच असते, ती वयाबरोबर सैल होते. 1968 साली डेन्मार्कचे डॉक्टर याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासून लिहून ठेवलंय: सहा-सात वर्षांच्या मुलांत 8 टक्क्यांची घट्ट, सोळा-सतराच्या वयात जेमतेम 1 टक्क्याची. म्हणजे मोठेपणी ही अडचण थोड्यांना असते, पण बडोद्याएवढ्या शहरात ते थोडेही बरेच होतात. आणि प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच. दुखत नसेल, जंतुसंसर्ग होत नसेल, संबंध नीट जमत असतील, तर त्या कातडीला कोणी हात लावायची गरजही नसते.

दोन गोष्टींनी मात्र मी दचकलो. एक, मेडिकलवाल्याकडून त्यानं खाजेची ट्यूब आणली होती, एकात चार औषधं असलेली, आणि दोन महिने चोळत होता. तसल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा जोरदार स्टेरॉइड असतं, त्यानं नाजूक कातडी आणखी पातळ होते. दुसरं, एकदा गरम पाण्यानं अंघोळ करताना त्यानं कातडी जोर लावून मागं ओढली आणि ती तिथंच अडकली. मुंड सुजायला लागलं. साबण लावून, घाम फुटेपर्यंत खटपट करून ती पुढं आली. नसती आली तर? तर रात्र असो की पहाट, सरळ इमर्जन्सीत जायचं. अडकलेल्या कातडीनं रक्तपुरवठा दाबला जातो, तिथं सकाळची वाट बघायची नसते. मागं नेलेली कातडी पुढं आणल्याशिवाय उठायचं नाही, हे मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पुढच्या खेपेला त्याची बायको पण आली. त्यानं घरी सांगितलं होतं म्हणे, पण अर्धवट. मी सगळं नावानिशी सांगितलं. ती ऐकत राहिली, मग पर्समधून चार घड्या घातलेला एक केसपेपर काढून टेबलावर ठेवला. जून महिन्यातला, स्त्रीरोगतज्ज्ञांचा. ती एकटीच जाऊन स्वतःला तपासून आली होती. तेही तो माझ्याकडे येण्याअगोदर, आईलाही न सांगता. "मला वाटलं माझंच कुठंतरी अरुंद आहे," ती म्हणाली. तो केसपेपर त्यानं उचलून वाचला, परत घडी घालताना घड्या चुकवल्या.

युरोलॉजिस्टकडे दोघं मिळून गेले. आजार काही नव्हता, नुसती घट्ट कातडी. बीटामेथासोनचं मलम लिहून दिलं, हेही स्टेरॉइडच, पण डॉक्टरांनी मोजून दिलेलं: दिवसातून दोनदा, सहा आठवडे, आणि कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर कातडी हलकेच मागं, ताण जाणवेल तिथपर्यंत, दुखायच्या अलीकडे, मिनिटभर धरून परत पुढं. साखरही तपासली, कारण ज्यांची कातडी आधी सैल होती आणि मोठेपणी वारंवार चिरायला लागली, त्यांच्यात कधीकधी मधुमेह निघतो. त्याची साखर ठीक होती. पांढरं कडक वळं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, तो कातडीचा आजार असू शकतो, तिथं मलमावर फार दिवस काढत नाहीत.

त्या सहा आठवड्यांसाठी मी घरी जाऊन काय करायचं ते सांगितलं, आणि ते ऐकून तो सर्वांत जास्त चक्रावला: योनीप्रवेश बंद. दोघांनी मिळून ठरवून बंद. त्यामुळे बिछान्यात शिरताना आता पुढं काय होणार, ही धास्तीच नाही. स्पर्श, चुंबन, हातानं एकमेकांना सुख देणं, यात कमी काही नाही. हातानं करताना कातडी मुठीत धरून तिच्यासकट हलवायची, मुळाकडे ओढायची नाही. जेल पाण्याचं, कारण खोबरेल तेलानं लॅटेक्सचा कंडोम फाटतो. चीर पडली असेल तर ती भरेपर्यंत सुट्टी. पुन्हा सुरू करताना कातडी पुढंच ठेवून वरून कंडोम, म्हणजे आत ती फारशी सरकत नाही. बायको वर, वेग तिच्या हातात. दुखलं तर थांबायचं, दात आवळून सोसायचं नाही. नंतर कातडी जागेवर आहे ना हे बघून नुसत्या पाण्यानं धुवायचं.

त्याच्या मनात ऑपरेशनची भीती वेगळीच होती. "सुंता म्हणजे... आपल्यात करत नाहीत ना. घरी काय सांगू?" मी म्हटलं, घरी कोण बघायला येतंय? मलमानं भागलं नाही तर फक्त तोंड सैल करायची छोटी शस्त्रक्रियाही असते, कातडी तशीच राहते. पूर्ण काढली तर चार-सहा आठवडे संबंध नाहीत, आणि पहाटेच्या ताठरतेनं टाके ओढले जातात ते पहिले काही दिवस सोसावं लागतं. एवढंच. जात कुठं बदलत नाही.

सहा आठवडे संपल्यावर काही दिवसांनी आले तेव्हा कातडी ताठरतेतही अर्ध्याहून जास्त मागं जात होती. संबंध झाले होते, तीनदा. एकदा जमलं नाही, तेही दोघं हसत सांगत होते. ऑपरेशन आत्ता नको, असं डॉक्टरांनीच म्हटलं होतं. मी बजावलं, मलम बंद झालं तरी मागंपुढं करणं सोडायचं नाही, नाहीतर परत आवळते.

"म्हणजे हे रोज? अंघोळीच्या वेळी?" त्याचा चेहरा पडला.

"कान धुतोस ना रोज?" ती म्हणाली आणि पर्स उचलून उठली.