भावाला अचानक वाटतंय की ऑफिसमधले लोक पाळत ठेवतायत. पुरावे दाखवून त्याची समजूत कशी काढू?

निघणार नाही. सीसीटीव्ही दाखवा, ऑफिसातल्या माणसांना घरी आणून शपथा घ्यायला लावा, काहीही करा. आमच्या घरी हे सगळं करून झालंय, आणि ज्यांनी केलं ते आमचे मामा, म्हणजे आत्याचे मालक, आजही ऐकायला तयार नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा धाकटा काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर. मायक्रॉनमध्ये जगणारा माणूस. एका दिवाळीनंतर त्याची झोप उडाली. रात्री सोप्यात येऊन बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "काय तरी हुणार हाय, पर काय त्ये कळंना झालंय." मग एका रात्री मी त्याला घेऊन गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. गवळ्यानं म्हशीची धार थेट ग्लासात काढली, वरचा फेस बोटानं झटकला आणि ग्लास पुढं केला. सगळ्यांना देतो तसाच. काका ग्लासकडं बघत राहिला, हिशोब जुळावा तसा त्याचा चेहरा मोकळा झाला, आणि शांतपणे म्हणाला, "घर विकलं. दादानं मला न सांगता सही केली." फेस झटकला म्हणजे त्याला घरातनं झटकला! दूध तसंच ठेवून चालू पडला. दादा म्हणजे माझे वडील. घर विकायचा विषयही कधी निघाला नव्हता.

मानसोपचारात याला डिल्यूजनल परसेप्शन म्हणतात. दिसतं ते खरंच असतं. फेस खरा, बोट खरं. त्याला चिकटलेला अर्थ मात्र आयता येतो, आणि खात्रीसकट येतो. क्लाउस कॉनराड या जर्मन डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धातल्या आजारी सैनिकांवरून १९५८ साली याचे टप्पे मांडले. पहिला टप्पा स्टेजवर जाण्याआधीच्या धास्तीसारखा. काकाचं सोप्यात बसणं ते हेच. त्यानंतर एकदम 'उलगडा' होतो, आणि रोग्याला त्यात सुटल्यासारखं वाटतं. ज्यात माणसाला सुटका मिळालीय ते तुमच्या कागदापायी तो का सोडेल? खात्री पक्की असते आणि ती युक्तिवादानं हलत नाही, हे कार्ल यास्पर्स १९१३ सालीच लिहून गेलेत.

मामा मात्र सिटी सर्व्हेतनं ताजं प्रॉपर्टी कार्ड घेऊन आले. काकानं कागद उजेडात धरला, अंगठ्यानं शिक्का चोळला आणि म्हणाला, "शाई कालची हाय." झालं, पुरावाच कटाचा पुरावा ठरला. मग मामांनी त्या गवळ्याला घरी आणून अंबाबाईची शपथ घ्यायला लावली. काकानं गवळ्याला नाही, मामांना विचारलं, "ह्येला किती दिलं?" त्या दिवसापासनं मामाही कटात.

गंमत अशी की घर खरोखर विकलं असतं तरी तो भ्रमच होता. दुधाच्या फेसावरनं सातबारा कळत नसतो. आजार निष्कर्षात नसतो, तिथं पोचायच्या वाटेत असतो, म्हणून त्याच्याशी खरं-खोटं करण्यात अर्थ नाही.

कागद चालले नाहीत म्हटल्यावर मामा करणीवर आले. एकीकडं देवऋषी, लिंबू, उतारा. दुसरीकडं मी काकाला "झोपेसाठी जाऊ" म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. झोप हवीच होती, म्हणून आला. दारू, स्टेरॉइड यांची चौकशी झाली, थायरॉइड आणि सोडियम तपासलं, रात्रीची ओलान्झापिन, म्हणजे भ्रमावरची गोळी, सुरू झाली. आधी झोप आली. खात्री एकदम तुटली नाही, सैल पडत गेली. आधी त्यानं विषय काढणं सोडलं, मग लेथवर परत गेला. असा झटका महिन्याच्या आत पूर्ण ओसरला तर अमेरिकन वर्गीकरणात त्याला ब्रीफ सायकोटिक डिसऑर्डर म्हणतात. हा प्रकार कधी कधी आपोआपही ओसरतो, आणि देवऋषींचं दुकान नेमकं त्यावरच चालतं. मामा प्रत्येक लग्नात पंगतीत सांगतात, उताऱ्यानं गुण आला. मग तो आठवडाभर झोपला तो लिंबू खाऊन का?

तुम्ही भावाशी वाद घालू नका, पण "होय, ठेवतायत पाळत" असंही म्हणू नका. भीती वाटत असेल, झोप लागत नसेल, तेवढंच धरून डॉक्टरकडं न्या. कोल्हापुरात असाल तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता राहिलेलं. ऑफिसात खरंच काही चालू नाही ना, एवढं एकदा गुपचूप बघून घ्या. ताप असेल, बोलणं असंबद्ध असेल, शुद्ध कमी-जास्त होत असेल तर तो डिलिरियम, म्हणजे शरीराच्या आजारानं मेंदूचा उडालेला गोंधळ, असू शकतो. त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा. जीव द्यायचं बोलत असेल, कुणाच्या अंगावर जात असेल, तरीही तेच. सगळ्यांचं काकासारखं लवकर निवळत नाही, काहींत ही लांबच्या आजाराची सुरुवात असते. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आणि भूत उतरवतो म्हणून कुणी हात उचलला तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, थेट पोलिसात जा.

काकाला विचारूनच लिहिलंय. लिंक फॅमिली ग्रुपवर टाकतोय. मामा, उत्तर खाली कॉमेंटमध्ये द्या, पंगतीत नको.