मंगळाआधी आरसा बघा

तुम्ही लिहिलंत की घर मुरूडला, दुर्बीण सहा इंची परावर्ती (भिंगाऐवजी आरशाची), आणि जानेवारी २०२५ च्या प्रतियुतीला (मंगळ सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून आपल्या जवळ येतो तेव्हा) मंगळ म्हणजे दुधाळ झाक असलेला केशरी गोळा. ती दुधाळ झाक वाचली आणि माझा २०२० चा ऑक्टोबर आठवला.

फोकस, कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) तुम्ही केलंच असणार. आधी नळीत तिरका टॉर्च मारा. टॉर्चखाली चांगला आरसाही धुळकट दिसतो, तिकडे लक्ष देऊ नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी.

मी आगोटीच्या (पावसाआधीच्या तयारीच्या) गडबडीत दवाने ओली झालेली नळी तशीच फोमच्या पेटीत घातली. चार महिने पेटी उघडलीच नाही. १४ ऑक्टोबरची प्रतियुती, मंगळ २२ विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मोठा, म्हणून सप्टेंबरअखेर पेटी काढली, तर आरशावर जाळी. घाबरून कोरड्या फडक्याने पुसला. खाऱ्या वाऱ्याचे कण त्यावर होतेच, आरशाच्या चकचकीत मुलाम्यावर ओरखडेच ओरखडे. आधी कोमट पाण्याची धार सोडायची, मग डिस्टिल्ड पाण्यात भिजलेला कापूस भार न देता फिरवायचा, हे नंतर कळलं.

आरसा नव्या मुलाम्यासाठी शहरातल्या एका दुकानात पाठवला. नाव घेत नाही. 'आठवड्यात देतो' म्हणाले. नंतर दर फोनला नवं कारण, आणि आरसा अजून मुलाम्याला गेलाच नाही हे मीच खोदून विचारल्यावर सांगितलं. हातात आला जानेवारीत, तोवर मंगळ निम्म्याहूनही लहान. मोठी प्रतियुती, म्हणजे मंगळ खूपच जवळ असतो ती, परत यायला १५ वर्षं लागतात हो! २०१८ ची तर जुलैच्या पावसात गेली होती. (तेव्हा मंगळावरही धुळीचं वादळ होतं, पण ते वेगळं.) म्हणून सांगतो, आरसा दुसऱ्याच्या हाती द्यायचाच तर प्रतियुतीच्या सहा महिने आधी.

मी तंत्रज्ञ नाही, माझ्या घराला चाललं ते सांगतो. पावसाळ्यात फोमची पेटी नकोच. नळी पूर्ण सुकवून हवेशीर कपाटात, सोबत ओल शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल. ते ओलं झालं की तव्यावर मंद आचेवर परततो, रंग परत येतो. वेगळा तवा ठेवा, घरच्यांशी भांडण नको.

पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७. बिंब जेमतेम १४ विकला, पण मंगळ सिंह राशीत, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर, आणि आभाळ कोरडं. गच्चीवर मांडू नका, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री हवा नाचवतो. अंगणातल्या मातीवर मांडा, तासभर आधी.