अमेरिकेत काउंटी आणि ट्रायबल आरोग्य विभागांच्या मानांकनाचं काम करायचं असेल तर

नमस्कार ताई,

बीएएमएसनंतर गडचिरोलीत एनक्यूएएसचं, म्हणजे सरकारी रुग्णालयांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचं काम केलंय, आता अमेरिकेत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून तिथल्या स्थानिक आणि ट्रायबल, म्हणजे मूळनिवासी जमातींच्या, आरोग्य विभागांना मानांकनासाठी मदत करायची आहे, जमेल का, असं तुम्ही विचारलंत. जमेल. फक्त शिकून झाल्यावर थेट ट्रायबल विभागातच नोकरी लागेल असं धरून कर्ज काढू नका. मी इथे एका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आरोग्य विभागात हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

एनक्यूएएसमध्ये आपण रुग्णालय तपासतो. लेबर रूम, औषधांचा साठा, बायोमेडिकल वेस्ट. इथे पब्लिक हेल्थ अ‍ॅक्रेडिटेशन बोर्ड, म्हणजे पीएचएबी, आख्ख्या विभागाचा कारभार तपासतं. साथीची खबर रात्री आली तर ती कोणाकडे जाते, लोकांना सोबत घेऊन आरोग्याचा आढावा घेतला का, त्यावरून आराखडा केला का आणि त्या आराखड्याचं पुढे काय झालं. ही संस्था २००७ मध्ये स्थापन झाली, २०११ मध्ये मानांकन सुरू झालं आणि २०१३ मध्ये पहिल्या ११ विभागांना ते मिळालं. मुदत पाच वर्षांची, मग पुन्हा तयारी. पूर्ण मानांकन झेपणार नाही अशा विभागांसाठी २०२२ पासून ‘पाथवेज’ नावाची अलीकडची पायरीही आहे.

रोजचं काम म्हणजे पुरावे गोळा करणं. धोरणाची प्रत दाखवून भागत नाही. ते वापरलं गेलं हे तारखेसकट दाखवावं लागतं. छोट्या काउंटीत लसीकरण बघणारी नर्सच आपत्ती नियोजनही बघते, तिच्याकडून बैठकीचं इतिवृत्त मिळवायचं तर आधी तिचा थोडा भार उचलावा लागतो. तुम्ही ग्रामीण रुग्णालयात सिस्टरांना सोबत घेऊन त्रुटी भरून काढल्या असतील, तर हे कसब इथे थेट उपयोगी आहे. अर्जात ते ठळक लिहा. स्थानिक विभागांना अशी मदत नॅचो ही त्यांची राष्ट्रीय संघटना करते, ट्रायबल विभागांना नॅशनल इंडियन हेल्थ बोर्ड. छोटी अनुदानं, प्रशिक्षण, अनुभवी विभागांशी गाठ घालून देणं, असं त्याचं स्वरूप असतं.

ट्रायबल कामाबद्दल मात्र मनाची तयारी वेगळी हवी. संघराज्याने मान्यता दिलेल्या ५७० हून अधिक ट्राइब्ज, म्हणजे जमाती, आहेत आणि त्यातली प्रत्येक एक सरकार आहे. १९७५ च्या स्वयंनिर्णय कायद्यामुळे आरोग्यसेवा केंद्राकडून स्वतःकडे घेऊन त्या चालवू शकतात. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं मेंढा-लेखा तुमच्याच जिल्ह्यातलं; तोच बाणा मनात ठेवून या. ओक्लाहोमातल्या चेरोकी नेशनने २०१६ मध्ये ट्रायबल विभागांत पहिलं मानांकन मिळवलं, ते सरकार म्हणून. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने सुधारणा करायला जावं अशी ही जागा नाही. अ‍ॅरिझोनातल्या हवासुपाई लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्ताचे नमुने दिले होते, ते त्यांना न विचारता इतर संशोधनासाठी वापरले गेले. २०१० मध्ये ते संशोधन करणाऱ्या विद्यापीठाला तडजोड करावी लागली. माहितीवर हक्क कोणाचा हा प्रश्न तिथे पहिल्याच बैठकीत निघतो, आणि निघायलाच हवा. नावाहो नेशनचं तर स्वतःचं संशोधन परीक्षण मंडळ आहे.

आता नोकरी. इंडियन हेल्थ सर्व्हिस, म्हणजे मूळनिवासींसाठीची केंद्र सरकारची आरोग्यसेवा, तिच्या सरकारी पदांना साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागतं, आणि तिथे व ट्राइब्जच्या स्वतःच्या भरतीतही मूळनिवासींना प्राधान्य असतं. मला ते पूर्ण रास्त वाटतं. म्हणून तुमचा रस्ता विद्यापीठातल्या पब्लिक हेल्थ केंद्रातून किंवा काउंटीतून काढा. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नसते, काउंटीला ती सवलत आपोआप मिळत नाही. सामान्य एमपीएचवर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, १२ महिन्यांची. एपिडेमिऑलॉजी (रोगप्रसारशास्त्र) किंवा बायोस्टॅटिस्टिक्सची (जैवसांख्यिकी) पदवी स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत, नोंदलेली असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. प्रवेशाआधी विद्यापीठाला पदवीचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) लेखी विचारा, आणि अभ्यासक्रम सीईपीएच या सार्वजनिक आरोग्य शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेचा मान्यताप्राप्त आहे ना तेही बघा. भारतात बसून थेट एच-१बी मिळवायचा विचार सोडा; सप्टेंबर २०२५ मध्ये अशा नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावलं गेलं, छोट्या विभागाला ते भरणं शक्य नाही.

पैशांचीही काळजी आहे. या कामाला मोठा आधार सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेच्या २०२२ च्या पायाभूत अनुदानाचा आहे आणि ते पाच वर्षांचं आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने कोविडकाळातली सुमारे ११ अब्ज डॉलरची आरोग्य अनुदानं मागे घेतली, प्रकरणं कोर्टात गेली. अशा वेळी मानांकनाचं पद आधी कापलं जातं. म्हणून डेटा किंवा साथनियंत्रण यांपैकी एक कौशल्य पक्कं करा.

निघण्याआधी पीएचएबीची मानकं वाचा, ती मोफत मिळतात. त्यातला एखादा निकष घेऊन तुमच्या जिल्हा आरोग्य विभागाला लावून बघा. प्रॅक्टिकमसाठी (अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष काम) ट्राइब्जच्या आरोग्याची माहिती गोळा करणाऱ्या १२ ट्रायबल एपिडेमिऑलॉजी सेंटर्सपैकी जवळच्या केंद्राला पहिल्याच सत्रात पत्र लिहा, आणि त्यांना सध्या कशाची गरज आहे ते त्या पत्रात विचारा.