चेटकिणींच्या कथेचा दुसरा भाग

प्रश्न : किशोरांसाठी लिहिलेल्या माझ्या कादंबरीच्या पहिल्या भागात चेटकिणींच्या दोन घराण्यांचे वैर उघड झाले. युद्ध तिसऱ्या भागात होणार असल्याने दुसरा भाग रेंगाळतो, असे मैत्रिणींचे म्हणणे आहे. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : युद्धाचे सावट माणसांच्या वागण्यात आधी उतरते, तेच या भागाचे कथानक करा. १६९२ साली अमेरिकेतील सेलम येथे चेटुकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली, तेव्हा सरहद्दीवर लढाई चालू होती आणि तिथून पोळून आलेली कुटुंबे आसपासच आश्रयाला होती. धास्तावलेल्या समाजाला शत्रू शेजारच्या घरात दिसू लागतो. तुमच्या चेटकिणी तर खऱ्याच आहेत, त्यामुळे पेच अधिक बिकट होईल.

दुसरा धडा तुमच्या गावातच आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि तिरंगा लावणे हा गुन्हा ठरला. कालपर्यंत निरुपद्रवी असलेली वस्तू एका हुकुमासरशी जिवावर बेतते, यातला थरार मंत्रयुद्धाच्या दहा पानांना यायचा नाही. तुमच्या नायिकेच्या आजीची काळी पोत अशीच निषिद्ध ठरली, तर ती काढून ठेवायची की पदराआड घालायची, यावरून मायलेकींत जुंपू द्या.

सेनापतींच्या मसलती मात्र निम्म्याने छाटा. त्या तुमच्याखेरीज कोणी वाचणार नाही. शेवटी एक निर्णय असा हवा की, तह अशक्य व्हावा, आणि तो नायिकेच्याच हातून घडावा.