विमान चुकतंय की तुम्ही?

वाचक विचारतात : घरच्या सिम्युलेटरवरची विमानं

प्रश्न : ताई, आजवर सिममध्ये फक्त जेटच उडवली. आता फ्लाइटगिअर या सिमसाठी मोफत मिळणारं एटीआर ७२, म्हणजे दोन पंख्यांचं प्रवासी विमान, डाउनलोड केलं आणि पुरता वैतागलो. जमिनीवर थ्रॉटल (एंजिनचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण मागे असला तरी विमान पळत सुटतं, सारखा ब्रेक दाबून ठेवावा लागतो. हवेत नेमकं उलट. उतरताना थ्रॉटल मागे घेतला की वेग धाडकन पडतो, पुढे केला की विमान वर उचललं जातं आणि शेवटी धावपट्टीवर आपटतं. मित्र म्हणतो, फुकटच्या मालाकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार? माझं चुकतंय की विमान भिकार आहे?

उत्तर : मित्राला आधी हे सांगा, की ज्या फ्लाइटगिअरमध्ये तुम्ही हे विमान उडवताय तो अख्खा सिम्युलेटरच फुकट आहे. १९९७ पासून हौशी लोक तो आपापल्या सवडीने घडवत आले आहेत. फुकटच्या विमानांत उत्तमही असतात आणि टाकाऊही. विकतच्यांतही असतात. फरक इतकाच, की फुकटच्या विमानात कोणता भाग मनापासून केलाय आणि कोणता नुसता रंगवून ठेवलाय, हे आपल्यालाच शोधावं लागतं. ते शोधल्याशिवाय स्वतःला दोष देऊ नका, आणि विमानालाही देऊ नका.

तुमच्या दोन तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत. जमिनीवरची आधी घेऊ.

खऱ्या एटीआरमध्ये पॉवर लिव्हर, म्हणजेच थ्रॉटल, मागे ओढला की एका ठिकाणी अडतो. ती फ्लाइट आयडल, हवेत चालणारा सगळ्यात कमी जोर. हवेत असताना याच्या मागे जायचं नाही, म्हणजे नाहीच. चाकं टेकल्यावर लिव्हरवरचा खटका उचलायचा आणि मग तो आणखी मागे ग्राउंड आयडलला आणायचा, गरज पडली तर त्याही मागे, विमानाला मागे ढकलणाऱ्या रिव्हर्सला. फ्लाइट आयडलच्या मागच्या या पट्ट्याला बीटा म्हणतात. तिथे लिव्हर थेट प्रोपेलरच्या, म्हणजे पंख्याच्या, पात्यांचा कोन ठरवतो. ग्राउंड आयडलला पाती इतकी चपटी होतात की पंखा फिरतो, पण विमानाला जेमतेमच ओढतो. फ्लाइट आयडलला मात्र पात्यांना थोडा कोन शिल्लक असतो आणि तेवढ्यावर विमान जमिनीवर आरामात पळू शकतं.

अनेक मोफत विमानांत हा बीटा पट्टाच नसतो. थ्रॉटल शून्यावर आणला की मिळते ती फ्लाइट आयडल, आणि बसा ब्रेक दाबत. काहींत बीटा असतो, पण वेगळ्या बटणावर. विमानासोबतची मदतीची फाइल कुणी वाचत नाही. ती वाचा.

दुसरा संशयित तुमच्या टेबलावर आहे. फ्लाइटगिअरच्या डीबग मेन्यूतून प्रॉपर्टी ब्राउझर उघडा. आत कंट्रोल्स, मग एंजिन्स, मग पहिलं एंजिन, आणि तिथे थ्रॉटल नावाची ओळ आहे. जॉयस्टिकचा थ्रॉटल पार मागे ओढून त्या ओळीकडे बघा. शून्य दिसलं तर जॉयस्टिक निर्दोष. ०.०५ किंवा ०.०८ असलं काही दिसलं, आकडा थरथरत असला, तर तुम्ही थ्रॉटल बंद केलाय असं तुम्हालाच वाटतंय, विमानाला नाही. कॅलिब्रेशन, म्हणजे जॉयस्टिकची दोन्ही टोकं सिमला ओळखून देणं, पुन्हा करा. जुन्या जॉयस्टिकमध्ये हे सर्रास होतं, आणि शिव्या विमानाला बसतात.

आता हवेतलं. इथे विमान बहुधा बरोबर वागतंय आणि हात अजून जेटचा आहे.

जेटमध्ये थ्रॉटल म्हणजे जोर, एवढ्यावर भागतं. टर्बोप्रॉपमध्ये, म्हणजे एटीआरसारख्या टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या विमानात, पंख्याचे फेरे गव्हर्नर नावाची यंत्रणा आपोआप सांभाळते. तुम्ही पॉवर लिव्हर पुढे केलात की टॉर्क (पंख्याला फिरवणारा पीळ) वाढतो, फेरे वाढायला लागतात. लगेच गव्हर्नर पात्यांचा कोन वाढवतो, पाती हवेचा मोठा घास घेतात आणि फेरे होते तिथेच राहतात. लिव्हर मागे घेतलात की हेच उलट : फेरे पडू नयेत म्हणून तो पाती चपटी करत नेतो, फ्लाइट आयडलच्या मर्यादेपर्यंत. आता गंमत बघा. चपट्या पात्यांचा फिरता पंखा म्हणजे वाऱ्यासमोर आडवी धरलेली भलीमोठी थाळी. एटीआर ७२ च्या पंख्याचा व्यास ३.९३ मीटर. दोन्ही पंख्यांच्या चकत्यांचं क्षेत्रफळ मिळून २४ चौरस मीटरच्या आसपास भरतं, आणि विमानाच्या पंखांचं आहे ६१. एवढा ब्रेक समोर उभा केल्यावर वेग धाडकन पडणारच. जेट आयडलवर घरंगळत खाली येतं, त्या सवयीने हे विमान उतरवायला गेलात तर ते हातातून निसटतं.

वर उचललं जाण्याचं कारणही तिथेच आहे. पंखे पंखांच्या पुढे असल्यामुळे त्यांनी मागे फेकलेली हवा थेट पंखांवरून वाहते. पॉवर दिली की वेग वाढायच्या आधीच उचल वाढते, आणि पॉवर काढली की आधीच कमी होते. धावपट्टीच्या वीस फूट वर तुम्ही जेटसारखा लिव्हर झटकन मागे घेता, तेव्हा विमान का आपटतं ते आता कळलं असेल. (सगळ्या मोफत विमानांत हा झोत धरलेला नसतो. तुमच्या विमानात धरलेला दिसतोय, म्हणजे कुणीतरी कष्ट घेतलेत.)

तेव्हा पद्धत बदला. उतरणीचा हिशोब लांबून धरा : जितके हजार फूट उतरायचे त्याच्या तिप्पट सागरी मैल. १७ हजारांवरून २ हजारांवर यायचं तर १५ गुणिले ३, म्हणजे ४५ मैल आधी निघा, वेग कमी करायला चार-पाच मैल जास्तीचे ठेवा. जमिनीवरच्या वेगाला पाचाने गुणलं की मिनिटाला किती फूट उतरायचं ते मिळतं : २४० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) १२००. पॉवर थोडी ठेवूनच उतरा, पण २५० नॉटच्या मर्यादेकडे लक्ष असू द्या.

शेवटच्या टप्प्यासाठी आकडे स्वतः काढा, दुसऱ्याचे घेऊ नका. मोकळ्या हवेत पाच हजार फुटांवर जा. १८५ नॉटच्या खाली आल्यावर फ्लॅप (पंखांमागच्या, कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पट्ट्या) १५, १७० च्या खाली चाकं, १५० च्या खाली फ्लॅप ३०. मग १२० नॉट आणि मिनिटाला ६०० फूट उतरण, दोन्ही स्थिर होईपर्यंत पॉवर हळूहळू जुळवा. टॉर्कच्या घड्याळात जो आकडा दिसेल तो लिहून ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक विमानाचं एक पान आहे आणि पानाच्या डोक्यावर हाच आकडा असतो. एकाच एटीआरच्या दोन मोफत आवृत्त्यांत तो सारखा येत नाही, म्हणून तर वही. धावपट्टीकडे येताना आधी तो आकडा लावायचा आणि मग त्याच्या आजूबाजूला दोन-चार टक्केच इकडे-तिकडे करायचं. जमीन जवळ आल्यावर पॉवर झटक्याने काढायची नाही, चाकं टेकेपर्यंत हलक्या हाताने कमी करत न्यायची.

प्रश्न : विमान डाउनलोड करण्याआधीच ते चांगलं आहे का, हे कळायची काही सोय आहे का? चित्रं तर सगळ्यांचीच सुंदर असतात.

उत्तर : चित्रांवर जाऊ नका. बाहेरून खिळा न् खिळा दिसणारं आणि हवेत दगडासारखं वागणारं विमान ही मोफत जगातली नेहमीची गोष्ट आहे, कारण चित्र काढणारे हात पुष्कळ मिळतात, गणित करणारे कमी.

फ्लाइटगिअरच्या विमानांना चार गोष्टींसाठी शून्य ते पाच गुण दिलेले असतात : उड्डाणाचं गणित, यंत्रणा, कॉकपिट आणि बाहेरचं रूप. मी पहिले दोन बघते. रूपाला पाच आणि गणिताला एक असेल तर ते विमान फोटो काढण्यापुरतं. मात्र हे गुण बहुधा बनवणाऱ्यानेच दिलेले असतात, हेही लक्षात असू द्या.

खरी परीक्षा घरी आणल्यावर, उभ्या विमानात. एंजिन चालू करा, पार्किंग ब्रेक लावा, पॉवर लिव्हर मागे ठेवा आणि शेजारचा कंडिशन लिव्हर फेदरवर न्या. फेदर म्हणजे पाती वाऱ्याला कमीत कमी अडतील अशी सरळ करणं. आता घड्याळांकडे बघत बसा. पंख्याचे फेरे खाली यायला हवेत, पाती विमानाच्या लांबीच्या दिशेने वळताना बाहेरून दिसायला हवीत आणि एंजिनच्या गाभ्याचे फेरे मात्र चालूच राहायला हवेत. तिन्ही गोष्टी झाल्या तर बनवणाऱ्याला टर्बोप्रॉप कळलाय. एंजिनच बंद पडलं तर त्याने फेदरचा लिव्हर इंधनाच्या बटणाला जोडलाय. काहीच झालं नाही तर तो लिव्हर शोभेचा आहे. शोभेचा निघाला म्हणून विमान टाकून द्यायची गरज नाही, मीही अशी उडवते. पण मग त्यात एंजिन बंद पडल्याचा सराव करू नका. फेदर होत नसलेल्या पंख्यासोबत घोटलेला सराव पुढे विसरावा लागतो.

प्रश्न : मी अकरावीत आहे. एका मोफत एटीआरमध्ये एंजिन चालू केलं तर उजवा पंखा फिरतच नाही, पण घड्याळं एंजिन चालू दाखवतात. हा बग आहे ना? बनवणाऱ्याला कळवू का?

उत्तर : थांब, कळवू नकोस! उलट त्याला शाबासकी दे. याला हॉटेल मोड म्हणतात आणि खऱ्या एटीआरमध्ये तो असतो. मोठ्या विमानांत जमिनीवर वीज आणि थंड हवा पुरवायला शेपटीत एक छोटं वेगळं एंजिन असतं. एटीआरमध्ये ते नाही. तेवढं वजन वाचवायला उजव्या पंख्यालाच ब्रेक दिलाय. पंखा जखडून ठेवायचा आणि एंजिन चालू ठेवून त्याच्याकडून वीज आणि हवा घ्यायची. उजवाच का, तर प्रवाशांचा आणि सामानाचा असे दोन्ही दरवाजे डाव्या अंगाला आहेत. पॅनलवर प्रोपेलर ब्रेकचं बटण असेल, ते सोडलंस की पंखा फिरायला लागेल.

पंखा थांबलेला आणि एंजिन चालू, हे जमतं कसं? एटीआरच्या एंजिनात पंख्याला फिरवणारी टर्बाइन आणि एंजिनचा गाभा यांना जोडणारा दांडा नसतो. गाभ्यातून आलेला गरम वायू त्या टर्बाइनवर आदळतो, तेवढाच संबंध. सगळ्या टर्बोप्रॉपना हे जमत नाही. १९४८ साली पहिल्यांदा उडालेलं व्हायकाउंट किंवा १९५५ सालचं फोकर फ्रेंडशिप घे. त्यांच्या रोल्स-रॉइस डार्ट एंजिनात पंखा, कॉम्प्रेसर आणि टर्बाइन सगळं एकाच फिरत्या साखळीत आहे. तिथे पंखा जखडला तर एंजिनही फिरणार नाही. तेव्हा मोफत फोकरमध्ये असला हॉटेल मोड सापडला, तर तो बग नक्की कळव.

प्रश्न : एफएसएक्सच्या (मायक्रोसॉफ्टचा जुना फ्लाइट सिम्युलेटर एक्स) काळात जमवलेली मोफत टर्बोप्रॉप विमानं माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर आहेत. नव्या सिममध्ये टाकली तर विमान दिसतं, पण कॉकपिटमध्ये घड्याळांच्या जागी काळी भोकं. काही इलाज?

उत्तर : फारसा नाही. एफएसएक्स ३२ बिटचा प्रोग्राम होता. त्यातली बरीच घड्याळं म्हणजे ३२ बिटसाठी बांधलेले छोटे प्रोग्रामच, आणि ६४ बिटचा नवा सिम त्यांना आत घेऊच शकत नाही. पॅनलच्या फोल्डरमध्ये गेज म्हणजे जीएयू शेपटीच्या फाइली दिसल्या तर समजा हाच प्रकार. एक्सएमएलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींत, लिहिलेली घड्याळं कधी कधी तगतात. जुना सिम जुन्याच संगणकावर ठेवा आणि ती विमानं तिथे उडवा. आणि दुरुस्त करून दुसऱ्यांना वाटायचा विचार असेल तर आधी परवाना वाचा. फुकट मिळालं म्हणजे वाटायची मुभा मिळाली असं नाही.

प्रश्न : माझ्याकडे पायाने चालवायची रडर पेडल नाहीत, जॉयस्टिकही स्वतःभोवती न वळणारी. उड्डाणाच्या वेळी विमान डावीकडे ओढलं जातं. ऑटो-कोऑर्डिनेशन लावलं तरी तेच.

उत्तर : तेच होणार. ती सोय फक्त एलरॉनच्या (विमान कलतं करणाऱ्या, पंखांवरच्या पट्ट्या) मागे रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी, शेपटीवरची पट्टी) हलवते. तुम्ही जॉयस्टिक आडवी हलवलीच नाहीत तर तिला काय कळणार की पंखे नाक ओढतायत? एटीआरचे दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखे, त्यामुळे पूर्ण पॉवरला ओढ डावीकडे राहते. ती सोय बंद करा, नाहीतर आडव्या वाऱ्यात उतरताच येणार नाही. फ्लाइटगिअरमध्ये कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या भागात शून्य दाबलं की रडर डावीकडे जातो, एंटर दाबलं की उजवीकडे. धावायला लागायच्या आधीच एंटर दोन-तीनदा दाबून ठेवा. वर गेल्यावर पॉवर बदलाल तेव्हा दरवेळी यॉ ट्रिम (रडर थोडा वळवून ठेवायची सोय) पुन्हा लावा, पॅनलवरचा घसरण दाखवणारा चेंडू मधोमध येईपर्यंत. उतरताना पॉवर कमी केली की तोच ट्रिम उलट्या बाजूला ओढायला लागतो. तेवढा काढायला विसरू नका.